आप्पासाहेबांची डिस्क आणि राजेंद्रच्या वायरी

राजेंद्रला कुणी घोटभर पाणी मागितलं, तर तो आधी विचारणार, माठातलं देऊ का फ्रिजमधलं? मग दोन्ही ग्लास भरून समोर ठेवणार, कुठलं किती गार आणि कुठल्यानं घसा धरतो ते समजावणार, आणि तोवर मागणाऱ्याची तहान मरून गेलेली असणार. पोराची ही खोड सरूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ऐकणारा निवांत असला तर मिक्सरचंही सांगायच्या. मिक्सर घ्यायचा म्हणून राजेंद्रनं साऱ्या कंपन्यांची तुलना मांडली, आणि ती संपेपर्यंत मोनिकानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, पाट्यावर इतक्या चटण्या वाटल्या की मिक्सर आला तेव्हा त्यातली चटणी घरात कुणाच्या तोंडाला लागेना.

"शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटीत हाय त्यो," सरूबाई म्हणत. "लोकांच्या कामाला नावं ठिवायचा पगार घेतो. म्या तेच काम फुकट करते, तर घरात कुणाला खपत नाय."

आता हेच बघा. नात श्रेया पुण्याला नोकरीला, तिचा साखरपुडा ठरला. सरूबाईंनी एवढंच सुचवलं की श्रेयाच्या बारशाची शूटिंग आपल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये आहे, ती काढा आणि साखरपुड्याच्या दिवशी टीव्हीवर लावा. पोरगी बारशाला केवढी गुटगुटीत होती ते व्याह्यांना कळू द्या.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण सरूबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

करमाडहून लग्न होऊन आल्या तेव्हा आप्पासाहेबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं होतं. शालिनी. तांदूळ गोळा केले आणि नाव आप्पासाहेबांच्या नोकरीच्या कागदांपुरतं उरलं. सासूच्या जिभेवर ते बसेना, दिरा-नणंदांना आठवेना, त्यामुळे माहेरची सरू सासरीही सरूच राहिली. आणि आप्पासाहेब? ते बायकोला कुठल्याच नावानं हाक मारत नसत. त्यांची हाक म्हणजे खाकरणं. चहाचं खाकरणं वेगळं, पाहुणे आलेत हे सांगायचं वेगळं, 'आता पुरे कर, शेजारी ऐकतायत' हे वेगळं. सरूबाईंनी अख्खा संसार त्या खाकरण्यावर केला आणि त्यात त्यांचं कधी अडलं नाही.

फक्त एकदा, श्रेयाच्या बारशाला, बायांनी आप्पासाहेबांची वाट अडवली. आजोबा झालात, आता उखाणा घेतल्याशिवाय पेढा नाही. तेव्हा त्यांनी चारचौघांत नाव घेतलं होतं. शालिनी. समोर कॅमेरा चालू होता.

पुढं आप्पासाहेब गेले. खाकरणं अजून सरूबाईंच्या कानात जसंच्या तसं होतं, पण नाव घेतानाचा तो आवाज अलीकडं पुसट व्हायला लागला होता. उखाण्याचे शब्द आठवायचे, आवाज मात्र आठवायला जावं तर स्वतःचाच यायचा. त्या आवाजासाठी सगळा खटाटोप होता. गुटगुटीतपणा व्याह्यांसाठी.

तो कॉम्प्युटर घरात आला ते दिवसही काही और होते. पेटी आली म्हणून कॉलनीतली माणसं चपला बाहेर काढून बघायला आली होती. मोनिकानं त्याला झालरीचा अभ्रा शिवला. कॉम्प्युटरच्या खोलीत पंखा लावायचा की नाही यावर वाद झाला, कारण पंख्यानं धूळ उडते आणि पंखा नसला तर पेटी तापते. आप्पासाहेब जायकवाडीच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून पत्ते खेळायला त्या पेटीसमोर बसत आणि एक डाव हरले की खाकरत. ते चहाचं खाकरणं.

पुढं ती पेटी भंगारात गेली. देताना आप्पासाहेबांनी आतली डिस्क तेवढी काढून घेतली. "डबडं जाऊ द्या, आतलं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. चपट्या विटेएवढी आणि तशीच जड असलेली ती डिस्क देवघराखालच्या खणात गेली. शेजारी त्यांचा खात्यातला मोजायचा टेप, पाने, हातोडी. दर खंडेनवमीला सरूबाई हे सगळं बाहेर काढून पाटावर मांडत आणि हळदकुंकू, फुलं, अक्षता वाहून हात जोडत. पूजेत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. डिस्कवर तर जरा जास्तच.

तर ती डिस्क राजेंद्रनं बाहेर काढली. जुनी आयडीई पद्धतीची जोडणी, पाठीमागं दोन ओळींत बारीक सुया. आताच्या लॅपटॉपला ती लागत नाही, म्हणून त्यानं एका टोकाला आयडीई आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असं एक यंत्र मागवलं. जोडलं. डिस्क गरगरली, पडद्यावर नावांची रांग आली, त्यात 'बारसे' हे नाव सरूबाईंनी स्वतः वाचलं. दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, जोडाक्षर नसलं की त्यांचं अडत नसे. आणि तेवढ्यात पडद्यावरून सगळं नाहीसं झालं.

साधा माणूस काय करील? पुन्हा जोडून बघेल. राजेंद्र म्हणाला, "आई, आधी हे बघावं लागंल की डेटा कुठल्या इंटरफेसनं, म्हंजे कुठल्या जोडणीनं काढला तर बरा निघंल."

झालं. राजेंद्रनं रजा टाकली. दिवाणखान्यातल्या टेबलावर वायरींची दुकानदारी मांडली गेली. आयडीईची ती रुंद करडी पट्टी, तिच्यानंतर निघालेल्या साटा पद्धतीची लाल बारीक वायर, आयडीईचं साटा करणारा एक तुकडा, यूएसबीचं काळं छिद्र आणि निळं छिद्र, दोन्हींची वेगवेगळी परीक्षा. कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर उसना आणला आणि त्याचं पोट उघडं ठेवलं. शिवाय तुलनेला म्हणून एक नवी डिस्क विकत घेतली. ती दिसायला फणीच्या तुकड्याएवढी, आणि म्हणे वेगानं सगळ्यांची आजी.

"आज्या काय वेगाच्या असत्यात व्हय?" सरूबाई म्हणाल्या. "नात म्हण."

मग फ्रिजवर तक्ता लागला. कुठल्या वायरीनं किती वेग, आणि शेवटच्या रकान्यात ओव्हरहेड. त्या शब्दावर सरूबाई अडल्या.

"ते काय असतंय?"

"म्हंजे आई, डेटा इकडून तिकडं नेताना मधल्या मधे जो खर्च होतो ना, तो. आता यूएसबीनं न्यायचं तर प्रत्येक गठ्ठ्यावर वेगळी चिठ्ठी लावावी लागते, मधल्या चिपला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सांगावं लागतं, पोचलं का म्हणून पावती घ्यावी लागते. नुसतं न्यायचं काम थोडं, त्याच्या भवतालचीच उठाठेव जास्त."

सरूबाईंना चटकन कळलं. आप्पासाहेब जेवताना हेच तर बोलायचे. धरणातून पाणी सुटतं भरपूर. कालव्यात मुरतं, उन्हानं उडतं, मधले लोक मोटारी लावतात, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पोचता पोचता निम्मं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी ते मुरलेलं पाणी मोजण्यात घालवलं. आणि आता पोरगा वायरीत मुरलेलं मोजत होता. रक्तच तसलं.

"पर राजेंदर," त्या म्हणाल्या, "हिरीलाच झरा बारीक असला तर पाइप केवढा बी मोठा लाव, पाणी तेवढंच येनार नव्हं?"

राजेंद्रनं तक्त्यावर बोट ठेवलं. "तेच तर मोजून सिद्ध करायचंय," म्हणाला.

अडचण अशी की डिस्क टिकत नव्हती. दर परीक्षेला थोडी धावायची आणि बंद पडायची. कधी वेग भारी, कधी मुंगीचा. राजेंद्र ते सगळं ओव्हरहेडच्या रकान्यात घालायचा. आणि हळूहळू डिस्कमधून एक आवाज यायला लागला. कट्. कट्. म्हाताऱ्याला उचकी लागावी तसा. तो आवाज आला की सरूबाईंचा हात आपोआप पदराकडं जायचा.

बातमी कॉलनीभर झाली. शेजारचे हबीबभाई आणि त्यांच्या बेगम अख्तरी संध्याकाळी येऊन बसले. बारशाची शूटिंग हबीबभाईंनीच केली होती आणि पुढं ती कॉम्प्युटरात उतरवूनही दिली होती. तेव्हा त्यांचा तोच धंदा होता.

"कॅसेट मेरे पास होती ना भाभी," ते ओशाळून म्हणाले. "मगर क्या बोलूं, त्याच्यावर हर्सूलच्या एका लग्नाची वरात चढली. मालूम न्हई था तुमको लगेगी करके."

"म्हंजी आमच्या आप्पासाहेबांच्या अंगावरून वरात नेली म्हना की," सरूबाई म्हणाल्या, आणि हबीबभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. मात्र एक गोष्ट पक्की झाली. दुसरी प्रत कुठंच नव्हती. जे होतं ते त्या उचकी लागलेल्या विटेत.

हबीबभाईंनी डिस्क उलटी करून सुया बघितल्या. "जंग लगा है भाभी. लाल लाल दिसतंय."

सरूबाईंनीही बघितलं. तो गंज नव्हता. ते कुंकू होतं. खंडेनवम्यांचं. त्यांनी डिस्क पालथी करून ठेवली. देवाधर्माच्या गोष्टी परक्या माणसांपुढं काढू नयेत, असं त्यांना त्या वेळी एकाएकी वाटलं.

"फ्रीजर में रख्खो," अख्तरी म्हणाल्या. "मेरे भांजे की ऐसीच चालू हुई थी."

"फ्रीजरमध्ये मटार आहेत," मोनिका म्हणाली, आणि तो प्रश्न मटारच्या बाजूनं सुटला.

तेवढ्यात समोरचे कचरूअण्णा आले. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे सल्ला देताना अजूनही पुढं सरका म्हणतात. ते म्हणाले, "तांदळात ठेवा. माझा मोबाइल हौदात पडला होता, रातभर तांदळात ठेवला, सकाळी वाजला."

"अण्णा, ही कुठं भिजली?" राजेंद्रनं विचारलं.

"तुमाला काय म्हाईत? हवेत वलावा असतो."

आणि राजेंद्र, जो चमच्याचीही तुलना केल्याशिवाय साखर घालत नाही, तो तयार झाला, कारण तांदळाच्या आधी आणि तांदळाच्या नंतर असे तक्त्यात दोन नवे रकाने होणार होते. सकाळी डिस्क तांदळातून निघाली ती आधीसारखीच. त्या दिवशीचा भात मात्र कुणी मन लावून जेवलं नाही.

शेवटी मोनिकाच वैतागली. "अहो, क्रांती चौकाकडं डेटा काढून देणारं एक ऑफिस आहे. त्यांना देऊन टाका." सरूबाई डिस्क पदराखाली धरून रिक्षात बसल्या. राजेंद्रच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यानं वाटेत दोन दुकानांत थांबून दर विचारला असता.

ऑफिस थंडगार. काउंटरवरची पोरगी गोड बोलायची. डिस्क कुणाची, विचारलं. नवऱ्याची. ते कुठायत? वारले. मग मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र द्या, दुसऱ्याचा डेटा आम्हाला असा काढता येत नाही. घरातली सगळी कागदपत्रं बरोबर घेऊन निघालेल्या राजेंद्रनं दोन्ही काढून ठेवली. पोरीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"दाखल्यावर पत्नीचं नाव शालिनी आहे. आधारवर सरूबाई. ह्या शालिनी कोण?"

ऑफिसात बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. आप्पासाहेबांची दुसरी कुणी होती की काय, असा भाव सरूबाईंना एकेकाच्या तोंडावर लख्ख दिसला.

"ती बी म्याच," त्या म्हणाल्या.

"मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र लागेल. किंवा ह्या नावाचा दुसरा काही पुरावा."

पुरावा! पुरावा त्या विटेतच होता. आणि तो काढायचा तर आधी तोच दाखवायचा. सरूबाईंनी काउंटरवरची डिस्क उचलून पदराखाली घेतली.

"बाई, माझ्या मालकाला म्हाईत होतं म्या कोन हाय ते. त्यास्नी शपथपत्र लागलं नाय," त्या म्हणाल्या आणि दाराकडं निघाल्या. दार काचेचं होतं आणि ढकलायचं की ओढायचं ते कळेना, त्यामुळे मानानं बाहेर पडायला जरा वेळ लागला.

घरी आल्यावर राजेंद्रनं डिस्क पुन्हा जोडली. कट्. कट्. कट्. उचक्या दाट झाल्या होत्या. आणि हा गृहस्थ पुन्हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालू करतोय! साखरपुडा तोंडावर आलेला, खिडकीतून दुपारचं ऊन तक्त्यावर पडलेलं, आणि सरूबाईंचा बांध फुटला.

"थांब! पेशंट खाटंवर उचक्या देतोय, अन् तू दाराशी उभा ऱ्हाऊन रिक्षा बरी का ॲम्ब्युलन्स बरी ते बघतोस व्हय? परत्येक डावाला त्याला पळवतोस. दम संपला त्याचा! आधी काढून घे ना रे जे हाय ते. मंग मोज काय मोजायचं ते!"

राजेंद्रनं माऊसवरचा हात काढला. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, कानशिलावर पांढरे केस, आणि तोंड एकदम शाळेतून मार खाऊन आल्यासारखं झालं.

"आई," तो पडद्याकडं बघत म्हणाला, "अन् उघडली अन् त्यात आवाजच नसला तर?"

त्यानं टेबलावरची लाल वायर उचलून पुन्हा खाली ठेवली.

"टेस्ट चालू आहे तोवर आहे असं तरी वाटतंय. एकदा कॉपी करायला घेतली अन् फाइल खराब निघाली, की संपलं. मला पण आप्पांचा आवाज आठवत नाही गं. म्हणजे खाकरणं आठवतंय."

बाहेर भाजीवाल्याची हाक गेली. मोनिका दारात येऊन उभी राहिली होती, ती तशीच आत वळली. सरूबाईंना वाटलं, पोराच्या पाठीवर हात ठेवावा. पण त्या घरात ती पद्धत नव्हती. म्हणून त्या म्हणाल्या, "दे ती वीट इकडं. तुला दिसत नाय, अन् चष्मा म्या लावते."

डिस्क घेऊन त्या खिडकीशी बसल्या. चष्मा लावला. निवडायला सुपात तांदूळ घ्यावेत तशी डिस्क उन्हाकडं तिरपी केली. सुयांच्या दोन ओळी. त्यांच्या मधोमध, अगदी मुळाशी, काहीतरी अडकलं होतं. त्यांनी अंबाड्यातली पिन काढली आणि खड्याला बाजूला करावं तसं ते हळूच टोकरलं.

तांदळाचा दाणा. त्याच्यामुळे एका बाजूनं वायर पुरती बसतच नव्हती. हलली की सुटायची, सुटली की डिस्क पहिल्यापासून धडपडायची. यूएसबी नाही, साटा नाही, काळं छिद्र नाही, निळं नाही. फ्रिजवरचा अख्खा ओव्हरहेड सरूबाईंच्या तळहातावर पडला होता.

"तांदूळ!" राजेंद्र ओरडला. "कचरूअण्णांचा तांदूळ!"

सरूबाईंनी दाणा निरखला. कचरूअण्णांच्या सल्ल्याचा तांदूळ पांढरा होता. हा पिवळा होता, एका टोकाला कुंकवाचा लाल ठिपका.

"त्याचाच," त्या म्हणाल्या आणि दाणा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. "कंडक्टरच्या सल्ल्यानं कुनाचं भलं झालंय?"

"पण आई, आपण तांदळात ठेवायच्या आधीपण ती बंद पडत होती की. अन् म्हणजे हे सगळे आकडेच चुकीचे! परत सगळं पहिल्यापासून मोजावं—"

सरूबाई खाकरल्या. आप्पासाहेबांचं होतं ते, शेजारी ऐकतायत तेव्हाचं. राजेंद्रनं वाक्य तिथंच सोडलं आणि वायर जोडली. हाताला लागली ती, कुठली ते न बघता.

डिस्क गरगरली. 'बारसे' दिसलं. राजेंद्रनं ते उचललं आणि नव्या डिस्कवर टाकलं. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकायला लागली. कट्. पट्टी थांबली. सरूबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. पट्टी पुन्हा सरकली. मोनिका येऊन मागं उभी राहिली, आणि तिघांपैकी कुणी कुणाकडं बघेना. शेवटी काहीतरी तुटल्यासारखा एक आवाज आला, डिस्क गरगरायची थांबली, आणि नंतर किती वेळा जोडली तरी ती पुन्हा फिरली नाही. पण पट्टी भरली होती.

राजेंद्रनं फाइल उघडली. चित्र बघवत नव्हतं. सगळे चौकोन चौकोन. पाळण्यापाशी एक हिरवा चौकोन होता, ती बहुतेक मोनिकाची साडी. गुटगुटीत श्रेयाच्या जागी गुलाबी चौकड्या हलत होत्या. व्याह्यांना दाखवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पण आवाज होता. पोरीचं रडणं, ताटांचा खणखणाट, बायांचा गलका. "घ्या हो आप्पासाहेब! घेतल्याबिगर सोडायचं नाय!" मग एक खाकरणं. सरूबाईंच्या ओळखीचं नव्हतं ते. इतक्या वर्षांत कधी ऐकलेलं नव्हतं. लाजलेल्या माणसाचं खाकरणं.

आणि मग, चौकोनांच्या गर्दीतून, स्वच्छ:

"धरणातलं पाणी टेलला पोचता पोचता आटतं,
शालिनीचं नाव घेताना आजबी नवं वाटतं."

बायांचा हशा उसळला आणि चित्र तिथंच गोठलं.

राजेंद्रनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मोनिका कशासाठी तरी स्वयंपाकघरात गेली. सरूबाई पडद्यावरच्या पांढऱ्या चौकोनाकडं बघत राहिल्या. धोतर असावं ते. मग त्यांनी पदराची गाठ कमरेला खोचली, उठून फ्रिजवरचा तक्ता ओढून काढला आणि पोरासमोर उभ्या राहिल्या.

"राजेंदर," त्या म्हणाल्या, "तू बापावरच गेलास. पानी सोडायचं सोडून मुरलं किती तेच मोजत बसनारा. पर टेलला पोचवलंस बाबा, पोचवलंस. आता वायरी गुंडाळ, अन् पुन्यांदा लाव."